किती खोल्यांचा बॉयलर

गिलरेनांचा बॉयलर मंगळवारी मेला आणि शनिवारी सकाळी सगळे त्याच्यासाठी गोळा झाले. "मी मेले असते तर इतक्या लवकर आला नसता," असं डेलिया म्हणाली खरी, पण म्हणताना तिचे डोळे हसत होते. पहाटेपासून तिने दोन ब्रेड भाजले होते, हॅमचा मोठा तुकडा उकडायला ठेवला होता आणि सफरचंदाचा टार्ट चुलीच्या कडेला ऊब धरून होता. चार दिवस ती स्वयंपाकघराबाहेर पडली नव्हती. सगळ्या घरात तेवढी एकच खोली गरम होती, दलदलीतून कापून वाळवलेली माती, पीट, जाळणाऱ्या जुन्या चुलीमुळे. तरी तिला बॉयलरचे मनातून उपकारच वाटत होते. एरवी ऑक्टोबरात लेक-जावई कशाला फिरकतात?

खिडकीतून तिला चढावावरून येणारी जावयाची गाडी दिसली. मागे ट्रेलर होता आणि ट्रेलरवर निळ्या ताडपत्रीखाली, दोरखंडांनी आवळलेलं, कपाटाएवढं काहीतरी.

पॅकी गाडीतून उतरला तोच हात चोळत. "आई, नशीब काढलंत! माझ्या चुलतभावानं गेस्टहाउस बंद केलं. त्याचा बॉयलर उचलून आणला. फुकट! दोन हिवाळेसुद्धा धड वापरलेला नाही."

"एवढा मोठा?"

"यावर हे घर काय, अख्खं चर्च तापेल!"

ग्रेटा पलीकडच्या दाराने उतरली. आईच्या गालावर गाल टेकवून ती आधी आत गेली, न्हाणीघरापर्यंत जाऊन आली आणि दातावर दात वाजवत म्हणाली, "आई, आतमध्ये कबरीसारखं गार आहे. तुझी बॅग मी आजच भरते."

डेलियाने ऐकलं न ऐकल्यासारखं करून किटली चुलीवर ठेवली. गेल्या नाताळापासून ग्रेटाचा हा एकच धोशा होता. कॅरिकच्या तिच्या बंगलीत मागची खोली तिने आईसाठी पिवळी रंगवून घेतली होती. पडदेसुद्धा टांगून झाले होते.

तेवढ्यात अंगणात पांढरी व्हॅन वळली. व्हॅनच्या अंगावर लाल अक्षरात क्लोडाचं नाव होतं, खाली 'हीटिंग', आणि त्याखाली तिचा फोन नंबर, डोंगरावरून वाचता यावा इतका मोठा. ग्रेटा आणि पॅकीची ही एकुलती एक. स्लायगोत स्वतःचा धंदा, आणि आवाज असा की बॉयलर चालू असला तरी ऐकू यावा. ती घरात शिरलीच नाही. तडक ट्रेलरकडे गेली, ताडपत्रीचं टोक उचललं आणि खो खो हसत सुटली.

"बाबा! हा कुठल्या म्युझियममधून चोरलात?"

"चोरला कशाला? दिला त्यानं. दुपारपर्यंत जोडून दे, म्हणजे तुझ्या आजीला ऊब मिळेल."

"मी नाही जोडणार. आणि माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी जोडला तर त्याचं नाव मी वर कळवीन."

पॅकीचं तोंड उतरलं. वाटेत प्रत्येक वळणावर उतरून त्याने दोर तपासले होते.

*

चहा ओतून झाला तरी क्लोडा बसली नव्हती. तिला बसून बोलता येत नसे. ब्रेडवर बोटभर लोणी फासून ती चुलीपुढे उभी राहिली.

"हे बघा. यंदाच्या मार्चपासून नियम आलाय. जुना बॉयलर काढून नवा बसवायचा तर शंभर भाग रॉकेल जाळल्यावर निदान शहाऐंशी भाग ऊब घराला मिळालीच पाहिजे. बाबांचं ते धूड सत्तरच्या पुढे जाणार नाही. उरलेलं सगळं धुराड्यातून डोंगराला! डोंगराला कशाला तापवायचं आपण?"

"नियम डब्लिनच्या लोकांना," पॅकी म्हणाला. "इथं चिखल तुडवत बघायला कोण येणार?"

"मी आलेय ना."

"आणि तुझ्या त्या नवीन बॉयलरमधून पाणी गळतं म्हणे. मर्फीच्या घरी बघितलंय मी. नवाकोरा, आणि खालून नळीवाटे पाणी! त्यापेक्षा माझा कोरडा बरा."

क्लोडाने उकळत्या हॅमच्या भांड्यावरचं झाकण उचललं आणि बापाच्या नाकापुढे उलटं धरलं. झाकणावरून थेंब ओघळत होते. "हे काय आहे? वाफ होती, गार झाली, पाणी झालं. होताना स्वतःची ऊब झाकणाला देऊन गेली. हात लावा. लावा ना!"

पॅकीने लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"नवा बॉयलर हेच करतो. धुरातली वाफ बाहेर सोडत नाही, तिची ऊब आधी काढून घेतो. पाणी गळतंय म्हणजे तो काम करतोय. गळायचं थांबलं की समजायचं, काहीतरी चुकलं."

"आजी, तुला पटतंय का हे?" पॅकीने सासूलाच आजी म्हणून टाकलं. अडचणीत आला की तो डेलियाचा आसरा घ्यायचा.

डेलिया जावयाच्याच बाजूची होती. आयुष्यात तिने फुकट मिळालेली वस्तू परत पाठवली नव्हती. "चालतोय ना तो, क्लोडा? मग राहू दे की. म्हातारीसाठी नव्याचा खटाटोप कशाला?"

"तेच म्हणते मी," ग्रेटा पुढे सरसावली. "आई हिवाळाभर माझ्याकडे राहणार. फर्गस तर हातमोजे घालून जेवतो. नळ गोठू नयेत एवढं झालं की बास. त्यासाठी पॅकीचा बॉयलर काय वाईट आहे?"

सगळ्यांनी फर्गसकडे पाहिलं. डेलियाचा हा धाकटा, चोपन्न वर्षांचा, आईबरोबर राहून गाई बघणारा. तो कोपऱ्यात बसला होता. ग्रेटाच्या आत्ता लक्षात आलं की आज चर्चला जायचा रविवार नाही, तरी त्याने दाढी केली आहे, आणि स्वेटरला कोपरावर ठिगळ नाही.

"नवा घ्यायचा," फर्गस म्हणाला. "नियमाप्रमाणे. चांगला."

"तू?" ग्रेटा म्हणाली. "आपल्या बाबांचा कोट अजून घालतोस तो तू?"

"हो, ताई. मी."

क्लोडाने टाळीच वाजवली. "मामा झिंदाबाद! चला, टेप घेते. आधी खोल्या मोजायच्या."

"खोल्या कशाला? मोठ्यात मोठा आण आणि मोकळी हो," पॅकी म्हणाला.

"तिथंच घोडं पेंड खातं, बाबा. गरजेपेक्षा मोठा घेतला की तो पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो, दिवसभर तेच. रॉकेल पितो आणि काम अर्धं करतो. आधी माळ्यावर ऊब अडवणारं जाड पांघरूण घालायचं, मग भिंती-खिडक्या मोजायच्या, मग कुठल्या खोलीत माणूस राहणार ते ठरवायचं. बॉयलर शेवटी. मामा, चला वर."

*

जिना चढताना फर्गस प्रत्येक पायरीवर रेंगाळत होता. ऑक्टोबर संपायच्या आत सांगतो, असं त्याने इमेल्डाला वचन दिलं होतं. रोज सकाळी तो सांगायचं ठरवायचा, आणि आई चहाचा कप पुढे ठेवायची की तो चहा पिऊन गाईंकडे निघून जायचा. बॉयलर बंद पडला त्या दिवशी त्याला पहिल्यांदा वाटलं, आता सांगावंच लागेल.

क्लोडा भराभर मोजत होती. लांबी, रुंदी, खिडकी, बाहेरची भिंत कुठली. पेन्सिल कानावर, आकडे तळहातावर.

"ही तुमची खोली. ही मोजली. समोरची ही आजीची जुनी खोली, हल्ली ती खालीच झोपते. मोजू?"

"मोज."

"आणि ही पुढची मोठी? हिची तर कडीसुद्धा गंजलीय."

"तीपण मोज."

क्लोडाने वळून पाहिलं. मोजली. मग बोळाच्या टोकाला ग्रेटाची लहानपणची खोली आली. आत जुन्या खुर्च्या रचलेल्या, वाळवायला टाकलेले कांदे.

"ही कांद्यांची. ही सोडते."

"नको. हीसुद्धा धर."

क्लोडाने टेप सोडला. तो सर्रकन गुंडाळला गेला. "मामा, मला बॉयलरचा आकार ठरवायचाय. तुम्ही एकटे. तुम्हाला झोपायला किती खोल्या लागतात?"

फर्गसने खिडकीबाहेर बघितलं. खाली शेतात गाई एका रांगेत कुंपणाला टेकून उभ्या होत्या. "मोठी खोली आमची. ही मुलींची."

"कुणाच्या मुलींची?"

"तिच्या. दोघी आहेत. एक नऊ वर्षांची, एक सहा."

क्लोडा किंचाळली. ती किंचाळी एवढी मोठी होती की खाली पॅकीच्या हातून चहा सांडला. ग्रेटाला वाटलं, पोरगी कुजक्या फळीतून खाली आली. ती आणि पॅकी धावत जिन्याशी आले, मागून डेलिया कठड्याला धरत आली. वर बघतात तो क्लोडा मामाच्या गळ्यात पडून त्याला गोल गोल फिरवत होती, आणि फर्गसचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"लग्न!" क्लोडा वरून ओरडली. "मामा लग्न करतोय!"

"कुणाशी?" पॅकी आणि ग्रेटा एकाच वेळी म्हणाले.

फर्गसने घसा खाकरला. "इमेल्डाशी. ड्रमशॅन्बोच्या पशुवैद्याकडे काउंटरवर बसते ती. नवरा गेला तिचा, चार वर्षं झाली."

पॅकीने कपाळावर हात मारला. "ती? म्हणून तू वासरांना एवढं जंताचं औषध नेत होतास होय! मला वाटायचं, तुझ्या कुरणातच काहीतरी बिघडलंय. अरे, बिचारी वासरं!" आणि तो जिन्याच्या पायरीवर बसून इतका हसला की त्याला ठसका लागला.

ग्रेटा हसली नाही. "चोपन्नाव्या वर्षी," ती म्हणाली. "आणि आईला विचारलंस? या घरात दुसरी बाई आणायची, आणि जिचं घर तिला हे बॉयलरसाठी खोल्या मोजताना कळतंय?"

हसू विरलं. सगळ्यांच्या नजरा डेलियाकडे वळल्या.

*

डेलिया खालच्या पायरीपाशी उभी होती, एक हात कठड्यावर. तिला आनंद झाला होता. या पोरासाठी तिने किती मेणबत्त्या लावल्या होत्या, शेवटी लाजून तेही सोडून दिलं होतं. पण आनंदामागोमाग दुसरंही काही वर आलं.

ती या घरात नवरी म्हणून आली तेव्हा सासू चुलीपाशी बसलेली होती, हातात लोखंडी चिमटा घेऊन. पीटचा तुकडा टाकायचा तो सासूने. काढायचा तो सासूने. डेलियाला पहिल्या बाळंतपणात थंडी वाजत होती, तरी विस्तवाला हात लावायची तिला मुभा नव्हती. सासूच्या मरणापर्यंत या घरात किती ऊब असावी हे डेलियाने कधी ठरवलं नाही. आता ती सासू होणार होती. का उलट होणार होतं? चिमटा कुणाच्या हातात राहणार होता?

"मला बसू द्या," ती म्हणाली. पॅकीने धावत खुर्ची आणली. फर्गस तीन पायऱ्या एकदम उतरून आला आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला.

डेलियाने त्याच्या केसांतून हात फिरवला आणि त्याच्या डोक्यावरून नातीकडे पाहिलं.

"क्लोडा, तुझ्या त्या नियमांत एका घरात दोन बायकांबद्दल काही आहे का?"

कुणालाच कळलं नाही. क्लोडाने मात्र क्षणभर आजीकडे नीट बघितलं. ती जिन्यावरून हळू उतरली आणि पहिल्यांदाच खालच्या आवाजात बोलली.

"आहे की, आजी. घर एवढं मोठं असेल तर सगळं एका बटणावर ठेवता येत नाही. निदान दोन भाग करायचे. प्रत्येक भागाचं बटण वेगळं, वेळ वेगळी. नळाचं गरम पाणी आणखी वेगळं. कुणालाच ऊब नको असेल तर बॉयलर आपोआप गप्प."

"म्हणजे खालचं बटण माझं?"

"तुझ्या पलंगाजवळ लावते."

"आणि मी वाढवलं, तर तिच्याकडे वाढणार नाही?"

"नाही."

"आणि तिनं कमी केलं तर?"

"तर ती वर कुडकुडेल. तू खाली मजेत."

डेलियाने जिन्यावरून वरपर्यंत नजर फिरवली. मग तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "नियमच आहे म्हणतेस? म्हणजे मी मागितलं, म्हातारी हट्टी आहे, असं कुणी म्हणणार नाही?"

"नियमच आहे."

"मग येऊ दे तिला. फर्गस, कधी आणतोस?"

फर्गसने खाली बघत कबूल केलं, "ती गावात आहे, आई. चर्चशेजारच्या चहाच्या दुकानात बसलीय. मुलींना घेऊन. मी म्हटलं होतं, आज सांगितलं तर फोन करतो."

"आणि बसवून ठेवलंस? गाढवा! ऊठ, फोन कर! ग्रेटा, टार्टला ताटली काढ. पॅकी, तुझं ते धूड रस्त्यातून बाजूला घे, पोरी येताहेत!"

पॅकी कधी फिरला ते त्यालासुद्धा कळलं नाही. तो अंगणात ट्रेलर ढकलत मोठ्याने सांगत होता, "बरोबर आहे. पोरं असलेल्या घरात असलं जुनाट नको. भंगारात देतो मी हे. माझी लेक लावेल तोच लावायचा!"

*

सगळे धावपळ करत होते आणि ग्रेटा ताटली हातात घेऊन तशीच उभी होती.

"आणि माझी पिवळी खोली?" ती म्हणाली.

डेलियाने तिच्याकडे पाहिलं. स्वयंपाकघरात आता दोघीच होत्या. "अगं, तुझ्याकडे मी येईन. आठवडाभर येईन, पंधरा दिवस येईन. पण पाहुणी म्हणून. कायमचं राहायला ये म्हणू नकोस."

"इथं तुला कोण बघेल?"

"तुला माझी काळजी आहे, की तुझं घर रिकामं आहे?"

ग्रेटाला ते लागलं. क्लोडा स्लायगोला गेल्यापासून पॅकी दिवसभर बाहेर, आणि बंगलीत घड्याळाची टिकटिक. पिवळ्या भिंतींपुढे उभी राहून ती मनातल्या मनात आईशी बोलून बघायची. ती ताटली ठेवून मागच्या दाराने बाहेर पडली. अंगणात वारा होता. डोळे पुसायला वाऱ्याचं निमित्त पुरलं.

निळी छोटी गाडी फाटकापाशी आली आणि फाटकाबाहेरच थांबली. स्टीअरिंगमागे एक बाई बसून राहिली. उतरेना. मागच्या काचेला दोन चेहरे चिकटले होते. ग्रेटाला तिचा राग येईल असं वाटत होतं. पण त्या बाईने आरशात बघून ओठांची लिपस्टिक पुसली, पुन्हा लावली, पुन्हा पुसली. लग्नानंतर पॅकीच्या घरी पहिल्यांदा जाताना ग्रेटाने नेमकं तेच केलं होतं.

ती फाटकाकडे चालत गेली आणि आगळ काढली.

"मी फर्गसची बहीण," ती म्हणाली. "आत या. आत गार आहे, पण चूल पेटलीय."

"माफ करा हं," इमेल्डा म्हणाली. "त्यांनी सांगितलं ना तुम्हाला? मी म्हटलं होतं, मी आधी एकटी येते म्हणून."

"सांगितलं. वासरांसकट सगळं कळलं."

इमेल्डाच्या तोंडून हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडली. धाकटी मुलगी मागचं दार उघडून केव्हाच उतरली होती. तिने ग्रेटाचा कोट ओढला. "माझी खोली कुठली?"

"ऑर्ला!" इमेल्डा दटावत म्हणाली.

पण ग्रेटाने तिचा हात धरला होता. स्वयंपाकघरात आरडाओरडा झाला, डेलियाने मोठीला मांडीवरच बसवायचा घाट घातला, क्लोडाने "मामी!" म्हणून इमेल्डाला मिठी मारली आणि पॅकीने टार्ट कापायचा सोडून फर्गसच्या पाठीत थापा मारल्या. त्या गोंधळातून ग्रेटा मुलीला घेऊन जिना चढली.

बोळाच्या टोकाचं दार तिने उघडलं. कांदे, खुर्च्या, आणि मागे तीच खिडकी. काचेतून डोंगर अगदी अंगावर आल्यासारखा दिसत होता. ऑर्लाने आत येऊन भिंतीवर तळहात टेकवला आणि लगेच काढून घेतला.

"भिंत गार आहे," ती म्हणाली.

"असणारच. या भिंतीला सूर्य दिसतच नाही. मी इथं झोपायचे तेव्हा मोजे घालून, त्यावर पुन्हा बाबांचे मोजे."

"मग तुम्हाला ऊब कोण द्यायचं?"

ग्रेटाने त्या गार भिंतीवर स्वतःचाही तळहात टेकवला. तिने दाराकडे तोंड करून हाक मारली. "क्लोडा! टेप घेऊन वर ये!"

क्लोडा तोंडात टार्ट भरूनच आली. "काय झालं, आई? ही खोली मोजलीय मी."

"कपाळ मोजलंयस. लांबी-रुंदी मोजलीस. इथं जानेवारीत काय होतं ते मला विचार. खिडकीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत गरम पाण्याचा रेडिएटर लागेल. भिंतभर."

"एवढा मोठा?" क्लोडाने मनातल्या मनात हिशेब केला. "चालेल. उलट बरंच. रेडिएटर मोठा असला की पाणी कमी तापवलं तरी भागतं, आणि बॉयलरची वाफ नीट—"

"बॉयलर गेला खड्ड्यात," ग्रेटा म्हणाली. तिने एक खुर्ची उचलली आणि बोळात नेऊन ठेवली. मग दुसरी. "पोरीचे पाय गार पडता कामा नयेत. ते कांदे उचल."